वैशाखातला मफलर

नाना, आम्ही एक गाडी घेतली आहे आणि तिच्यात टेप नाही.

एवढं वाक्य कानावर पडलं असतं तर पुढचं काही न ऐकता तुम्ही पक्कड शोधायला उठला असता, म्हणून आधी गाडी कसली ते सांगते. प्रवासी टेम्पोच्या पोटात कोणीतरी घर बसवलंय. दोन बाक, ते उलगडले की पलंग होतात, वीतभर ओटा, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि एवढ्याशा दाराआड संडास. याला कॅराव्हॅन म्हणतात. तुमचे जावई पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवत होते, त्यांनी नाशिककडच्या एका माणसाची ही वापरलेली गाडी पसंत केली. मी म्हटलं, जळगावजवळ पिंप्राळ्यात स्वतःचं घर असताना रस्त्यावर भांडी घासायला कशाला जायचं? ते म्हणाले, भांडी मी घासेन. हे मी शेजारच्या दोन बायकांसमोर वदवून घेतलं आणि मगच हो म्हटलं.

गाडी दारात उभी राहिल्यावर कळलं की विकणाऱ्याने टीव्ही, टेप आणि त्यामागचं सगळं लटांबर काढून घेतलंय. बाकासमोरच्या लाकडी कपाटात टीव्हीच्या मापाचा मोकळा चौकोन, ड्रायव्हरच्या पुढ्यात टेपच्या मापाचं भोक, आणि दोन्हीकडून लोंबणाऱ्या तारा. फोन केला तर म्हणाला, "ते आमच्या मुलाने नेलं हो, पण स्पीकर ठेवलेत सगळे." म्हणजे दात नेले आणि जबडा ठेवला, त्याचे वर उपकार. पण त्या तारा हातात घेतल्यावर मला राग आला तो टीव्ही गेल्याचा नाही. सगळ्या तारा एकाच ठिकाणी कचाकच तोडल्या होत्या आणि एकीलाही खूण नव्हती. तुमचं वाक्य आठवलं, "तार तोडाना पहिले गाठ बांध." तेव्हापासून पंधरा दिवस मी त्या गाडीत बसून काय काय केलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय. खरं तर सांगायचंय ते वेगळंच, तुमच्या घशाबद्दल. ते तेहेतीस वर्षं राहून गेलंय. तारांपासून सुरुवात केली तर तिथवर पोचेन, असं वाटतं.

साक्रीला स्टँडच्या मागे तुमचं दुकान. शाळा सुटली की माझं दप्तर तिथल्या खिळ्याला. कोणी जीप घेऊन आलेला, कोणी ट्रक, कोणाला ट्रॅक्टरवर टेप हवा. बंद पडलेल्या टेपाला तुम्ही कधी बिघडलेला म्हणाला नाहीत. "बिघडेल नही रे भो, रुसेल शे," म्हणायचात आणि त्याला थोपटत थोपटत उघडायचात. जुना टेप काढण्याआधी प्रत्येक तारेला दोरा बांधायचा हा तुमचा नियम. लाल दोरा बॅटरीचा, काळा अर्थिंगचा, हिरवा डाव्या स्पीकरचा, पिवळा उजव्याचा. गाठी मारायचं काम माझं, कारण माझी बोटं लहान. दोरे आईच्या शिवणाच्या डब्यातून पळवलेले. बिचारीला हिरव्या ब्लाउजला हिरवा दोरा कधी सापडला नाही, आणि ती आयुष्यभर उंदरांना शिव्या देत राहिली.

एकदा एका किराणावाल्याच्या जीपमध्ये मी शहाणपणा केला. गाठी न बांधता सगळ्या तारा एका झटक्यात तोडल्या आणि टेप काढून तुमच्यापुढे ठेवला, शाबासकीसाठी. तुम्ही तारांकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. ओरडला नाहीत. मला परत जीपमध्ये बसवलंत, हातात एक पेन्सिल सेल दिलात आणि दोन तारा लावलेला तो तुमचा छोटा बल्ब, आणि म्हणालात, "आते तूच इचार त्यासले, कोन कोनी शे ते." मग मी विचारत बसले. दोन तारा सेलला लावल्या आणि कुठे खर्र झालं तर ती त्या स्पीकरची जोडी. तार बल्बला लावून तो पेटला तर ती बॅटरीची. जेवायची वेळ टळून गेली. किराणावाला दोनदा डोकावून गेला, त्याला तुम्ही बाहेर गप्पांत गुंतवून ठेवलंत. शेवटचा स्पीकर खरखरला तेव्हा तुम्ही आत आलात, टेप जोडलात, बटण दाबलंत आणि दर वेळी म्हणायचात तेच म्हणालात, "बोल भो, काय म्हननं शे तुन्हं?" लग्नाकार्याचे भोंगे जोडतानाही तसंच. दुसरे लोक हातात माईक आला की एक-दोन-तीन मोजतात. तुम्ही त्याचीच चौकशी करायचात.

आणि तुम्ही किती बोलायचात, नाना. अख्ख्या स्टँडवर तुमच्याइतका बोलघेवडा माणूस नव्हता. सुटे भाग आणायला धुळ्याला गेलो की एसटीत कंडक्टरपासून शेजारच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांशी तुमचं बोलणं व्हायचं, आणि धुळ्याच्या बाजारात एक सोल्डरची तार घ्यायला आपल्याला दीड तास लागायचा. दुकानदार चहा मागवायचा. मी स्टुलावर बसून पाय हलवत ऐकायचे. त्या दीड तासातलं एकही वाक्य आज मला आठवत नाही. आवाज आठवतो. खर्जातला, हसण्याआधी जरासा अडखळणारा.

मला कॉलेजसाठी जळगावला धाडलंत तेव्हा होस्टेलवर मैत्रिणींना वडिलांनी दिलेली मनगटी घड्याळं होती. मला तुम्ही तो दोन तारांचा बल्ब दिला होता. "कामे येई," म्हणालात. मी तो ट्रंकेच्या तळाशी साडीत गुंडाळून लपवला. पहिल्याच आठवड्यात मी मेसमध्ये "आठे बसू का?" असं विचारलं आणि टेबलभर मुली हसल्या. वाईट नव्हत्या त्या, पण हसल्या. त्या दिवसापासून मी ठरवलं. आठे गेलं, इथे आलं. शे गेलं, आहे आलं. बठ्ठं गेलं, सगळं आलं. इतका नेट लावून शिकले की मराठीचीच शिक्षिका झाले, आणि पुढे तीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या 'शे'वर लाल रेघा मारल्या.

घरी मी तुम्हाला 'तू' म्हणायचे. 'तुम्ही' पहिल्यांदा कधी म्हटलं, ते तुमच्या लक्षात राहिलं असेल. माझ्या लक्षात आहे. मला बघायला जळगावकडचे पाहुणे येणार होते, मुलगा इंजिनिअर, केळीचे मळे. आदल्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात आले. तुम्ही कसलीतरी पट्टी डाग देऊन जोडताय, धुराची एक रेघ तुमच्या कपाळापर्यंत चढतेय. मी म्हणतेय, "नाना, उद्या तुम्ही फार बोलू नका. तुमचं बोलणं शुद्ध नाही."

तुम्ही वर पाहिलंत. हातातली तापलेली डागणी बाजूला ठेवलीत. "बरं," म्हणालात. "गुपचूप बससू."

फार बोलू नका म्हटलं होतं मी. एक शब्दही बोलू नका असं नव्हतं म्हटलं. पण तुम्ही कोणतंही काम अर्धं केलं नाहीत. पाहुणे आले, पोहे झाले, सासरे तुम्हाला विचारतायत, "आपला व्यवसाय काय?" आणि तुम्ही हसून हाताने स्टँडची दिशा दाखवताय. "शेती किती?" दोन बोटं. शेवटी सासऱ्यांनी आवाज खाली आणून आईला विचारलं, "त्यांच्या घशाला काही त्रास आहे का?" आई म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची, ती पटकन म्हणाली, "हो, बसलाय जरा." आणि तुम्ही गळ्याला हात लावून मान डोलावलीत. आतल्या खोलीत मला हसू आलं होतं, नाना. हेही सांगून टाकते. मला हुश्श झालं आणि हसू आलं.

दोन महिन्यांनी लग्न. वैशाखातलं आपल्याकडचं ऊन, मांडवाचं कापड हाताला चटका देणारं, आणि वधूपिता गळ्याला तपकिरी लोकरी मफलर गुंडाळून दारात उभा. आई कुजबुजली, काढा ते. तुम्ही तिच्या कानात म्हणालात, आणि मी मुंडावळ्यांआडून ऐकलं, "आते सांगेल शे, तं पाळनं पडी." तुमच्या सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. पाठवणीच्या वेळी बापलेकीने काय बोलायचं असतं ते बोलायला तुम्ही तोंड उघडलंत, शेजारी सासूबाई उभ्या दिसल्या, आणि तुम्ही तोंड मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात सोल्डरच्या चटक्यांनी खरबरीत होता, पदराचे दोरे त्यात अडकले.

पुढे तेच चालू राहिलं. रविवारी दुकानातून तुमचा फोन यायचा. ह्यांनी उचलला तर तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात, आणि हे लगेच हाक मारायचे, "अगं, नाना आहेत." मी घेतला की तुम्ही दबक्या आवाजात, "कशी शे माय?" आणि मी, बैठकीत माणसं असायची म्हणून, "मी बरी आहे, तुमची प्रकृती कशी आहे?" सासूबाई तर तुमच्या घशाची फारच काळजी करायच्या. साक्रीला निघाले की पिशवीत ज्येष्ठमधाची पुडी ठरलेली. "बापाले दे. चघळा म्हना." मी आणून द्यायचे. तुम्ही घ्यायचात.

आता जे सांगायचं ते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, थंडीत, पहूरजवळच्या आमच्या मळ्यात सासूबाई भरतासाठी वांगी भाजत होत्या. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, घरात आम्ही दोघीच. सोलताना वांग्याची वाफ त्यांच्या बोटांवर आली आणि त्या ओरडल्या, "व माय व, मेली मी." मी पाहतच राहिले. तोवर त्या माझ्याशी शाळेच्या पुस्तकासारखं बोलत होत्या. त्याही ओशाळल्या, आणि मग दोघींना हसू फुटलं. म्हणाल्या, "काहाले सांगू तुले. तुह्या घरी येयाच्या आधी आठ दिवस मी 'आहे-नाही' घोकून घेतलं. पोरगी कॉलेजातली, ते लोकं शुद्ध बोलत असतीन, आपलं आयकून हसतीन. तुह्या बापानं दोन शब्द बोलले असते तं मीबी मोकळी झाली असती. पन त्यायचा घसा बसेल होता बिचाऱ्यायचा."

घरोघरी मातीच्या चुली, नाना. दोन्हीकडची माणसं आपापली बोली कपाटात कोंडून एकमेकांपुढे पोहे खात बसली होती. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. त्यांना सांगायला हवं होतं की घसा ठणठणीत आहे. पुढच्या रविवारी तुम्हाला सांगायला हवं होतं की मफलर काढा, इथे कोणी हसणार नाही. मी सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं तर मी बापाला गप्प बसवलं हे उघड होणार. तुम्हाला सांगितलं तर ते उगाचच होतं हे उघड होणार. आज सांगू, उद्या सांगू करता करता चौदा वर्षं गेली. तुम्ही गेलात. दुकान रिकामं करताना मला वरच्या फळीवर तुपाचा एक पत्र्याचा डबा सापडला, त्यात ज्येष्ठमधाच्या पुड्या. एकही उघडलेली नव्हती. पाच-पाचाच्या जुड्या करून हिरव्या दोऱ्याने बांधलेल्या. आई म्हणाली, "टाकू नको म्हनेत, लोकेस्नी जीव लाईसन देयेल शे." तिथे फळीखाली बसून मी रडले, आणि घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, धुळीने डोळे सुजलेत.

तर ही गाडी. जळगावातल्या दुकानदाराने नवा टीव्ही, नवी सिस्टीम, सगळं दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, जुनं वायरिंग फेकून देऊ, नवीन ओढू." मी म्हटलं, वस्तू द्या, वायरिंगचं मी बघते. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. त्या सिस्टीमसोबत एक माईक मिळतो, सहलीत गाणी म्हणायला. तो हातात घेऊन हे हळहळले, "असा माईक तेव्हा नानांना मिळाला असता तर बरं झालं असतं. आवाजच निघायचा नाही बिचाऱ्यांचा." मी पिशवी उचलली आणि दुकानातून बाहेर आले.

ट्रंकेतून बल्ब काढला. तारांवरचं प्लास्टिक पार तडकलंय, पण बॅटरीच्या तारेला लावल्यावर पेटला, तुमच्या दुकानात पेटायचा तसाच पिवळट. मग सेल. मी पुढे भोकात हात घालून एकेका जोडीला सेल लावणार आणि हे मागच्या बाकावर बसून सांगणार, "मागचा डावा." हिरवा दोरा. "दाराजवळचा." पिवळा दोरा. चौथा काही बोलेना. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कपाटाची मागची फळी काढली, तर आत तार खिळ्याखाली दबून तुटलेली. जोडली, पीळ दिला, डाग दिला. हाताची सवय गेलीय, डाग तुमच्यासारखा गोल आला नाही, बोराएवढं ढेकूळ आलंय. पण खर्र झालं.

काल दुपारी सगळं जोडून झालं. हे मागे बसले होते, मी ड्रायव्हरच्या जागेवर. बटण दाबलं, दिवा लागला, मी माईक हातात घेतला. एक-दोन-तीन म्हणणार होते, खरंच. तोंडातून आलं, "बोल भो, काय म्हननं शे तुन्हं?" चारही स्पीकरमधून. माझाच आवाज, पण खर्जात.

 मागून ह्यांचा आवाज आला, "येऊन राह्यला आवाज." ह्यांच्या तोंडून ही बोली मी फक्त आईशी बोलतानाच ऐकली होती, सासूबाई गेल्यापासून तीही नाही. मग म्हणाले, "पण हे कोण म्हणायचं?"

"नाना."

"घसा बसायच्या आधी?"

माईक माझ्या हातात चालूच होता, नाना. मी म्हटलं, "त्यांच्या घशाला कधीच काही झालं नव्हतं. मीच त्यांना बोलू नका म्हटलं होतं." हेही चारही स्पीकरमधून गेलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबून बघायला लागल्या. मी बटण बंद केलं आणि पुढचं सगळं ह्यांना साध्या आवाजात सांगितलं, वांग्यांपासून डब्यापर्यंत.

हे उठून पुढे आले, शेजारच्या सीटवर बसले. रागावतील असं वाटलं होतं. समोर पडलेले दोऱ्यांचे तुकडे एकेक करून गोळा केले. मग म्हणाले, "मांडवात त्यांच्या डोक्यावरचा पंखा मी बंद करायला लावला होता. म्हटलं, वाऱ्याने घसा धरेल." एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बंद पंख्याखाली लोकरीचा मफलर घालून बसलात आणि त्या पोराकडे बघून मान डोलावलीत.

रविवारी आम्ही धुळ्यावरून साक्रीला जाणार आहोत. दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला आहे, तरी जाणार. टीव्ही अजून बसवायचाय. त्याच्या मागे तारांसाठी बोटभर पोकळी आहे, फळी लावण्याआधी हे पत्र हिरवा दोरा बांधून तिथे ठेवीन. दुसरीकडे कुठे पाठवणार.

आणि एक, नाना. हे पत्र मी तुझ्या बोलीत लिहायला घेतलं होतं. तीनदा सुरुवात केली, तीनदा खोडली. मला ती आता शुद्ध येत नाही.